मागच्या सीटसाठी

निजामपुरा, बडोदे
१२ नोव्हेंबर २०२४

वसंतराव, नमस्कार.

तुम्हाला फोन ऐकू येत नाही आणि मोबाईलवर बोट घासत लिहिणं मला जमत नाही, तेव्हा पोस्टाशिवाय आपल्या दोघांना गती नाही. सातारा काही परदेशात नाही, पण पत्र आठवडा घेतं. असो.

कामाचं लिहितो. माझ्या आबांची मॅग्नेट मोटार पुन्हा रस्त्यावर काढली आहे. छप्पन सालची गाडी, तिला दोन कार्ब्युरेटर, आणि त्या दोघांची भाषा कळणारा माणूस एकच, तो म्हणजे तुम्ही. आमच्याकडे आलात की आधी बॉनेट उघडायचात आणि मग बहिणीला भेटायचात, त्यावरून इंदिरा अजून बोलते. आता इथे एकही मेकॅनिक तिला हात लावत नाही. एकाने मला विचारलं, "काका, आमां स्कॅनर क्यां लगाडवानुं?" स्कॅनर लावायला जागा नाही म्हणून त्याने हात जोडले.

तक्रार अशी. गाडी चालू होते, मोकळ्या रस्त्यावर पळतेही. पण उभ्यावरून निघताना तिच्यात दम नाही. पाय दाबला की आधी गप्प बसते आणि मग एकदम उडी घेते. छाणी जकातनाक्याच्या चौकात दर वीस पावलांना थांबा आणि निघा, त्यात हे हिसके फार होतात. मला वेग नको आहे. पहिल्या-दुसऱ्या गिअरला तिने न हिसकता ओढावं, एवढंच हवं.

या वयात हा उद्योग कशाला, असं तुम्ही विचाराल. मार्चमध्ये जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते, त्यासाठी असं समजा.

इंदिरा बरी आहे, तुम्हाला आठवण सांगते. मी जरा थकलो आहे, पण ते वयाचं.

तुमचा
हंबीरराव

*

सातारा
२१ नोव्हेंबर २०२४

हंबीरराव,

पंचाहत्तरी आली आणि मिरवायची हौस गेली नाही. फेटा बांधून, मिशीला पीळ देऊन तुम्ही राजवाड्यासमोरून जाणार आणि बाजूला माझी बहीण पैठणीत घामाघूम होणार, हे चित्र डोळ्यांपुढे आलं. तिला विचारलंत का?

साताऱ्यात बसून बडोद्याची गाडी ट्यून करायची म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे. तरी सांगतो. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. त्याने जुन्या गाडीचं मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. ओढ कमी होते ती त्यामुळे. दोन्ही कार्ब्युरेटरच्या बुडाशी षटकोनी नट आहे, तो दोन्हीकडे सारखाच थोडा खाली फिरवा. मिश्रण दाट होईल आणि गाडी घोड्यासारखी उठेल. मिरवणुकीत बघणाऱ्यांना इंजिनाचा आवाजही भरदार लागतो.

मग आठ-दहा दिवस चालवा, चारही प्लग काढून नवे घाला आणि जुने पुसू न देता मला पाठवा. माणूस पत्रात काहीही लिहितो, प्लगला ते जमत नाही.

माझं म्हणाल तर घरात इतकी शांतता आहे की दूध उतू गेलेलं मला वासावरून कळतं. कानाचं यंत्र लावून फक्त घरघर ऐकू येते, म्हणून ते डबीत ठेवलं आहे. मोहना गेली आणि मी एकटा पडलो त्याला चार वर्षं झाली, तेव्हापासून माझी फियाटही अंगणात उभी आहे. बाजारात न्यायला काढतो, तेवढीच.

इंदू स्वतः का लिहीत नाही? तिला म्हणावं, आळस सोड.

वसंत

*

निजामपुरा, बडोदे
१० डिसेंबर २०२४

वसंतराव,

नट फिरवले. गाडी उठायला लागली हे खरं. पण आगीतून फुफाट्यात पडल्यासारखं झालं आहे. आत पेट्रोलचा वास भरतो. काचा उघडल्या तर धूळ आणि रहदारीचा धूर, लावल्या तर हा वास. पुढे बसणाऱ्याला एक वेळ चालेल, मागे बसणाऱ्याला त्रास होतो. हिसकेही पुरते गेले नाहीत.

मिरवणुकीचं सोडा. वासाचं काय करायचं तेवढं कळवा, आणि जरा लवकर कळवा.

प्लग सोबत पाठवतो आहे. घरात हाताला लागलं त्यात गुंडाळले आहेत, वाटेत फुटू नयेत. इंदिराला हात दुखत असल्याने लिहिता येत नाही. काळजीचं काही नाही.

केयूर म्हणून आमचा शेजारी आहे, भला माणूस. रोज फाटकाशी उभा राहून सांगतो, "काका, वेची नाखो ने हवे." विकण्याचा विचार माझ्याही मनात येतो, पण सध्या ते शक्य नाही. खरं सांगू का, मी फार थकलो आहे. बॉनेटवर वाकलो की सरळ होताना गाडीचाच आधार घ्यावा लागतो.

हंबीरराव

*

सातारा
१९ डिसेंबर २०२४

हंबीरराव,

प्लग मिळाले.

चारही काळे आहेत, वर कोरडी काजळी आहे. थोडी काजळी माझ्या सल्ल्याने आली, ते मला मान्य आहे. पण एवढी नाही. ही गाडी तिसऱ्या गिअरच्या वर जातच नाही. ती जवळच्या जवळ जाते, हळू जाते, आणि कुठेतरी दाराशी इंजिन चालू ठेवून बराच वेळ उभी असते. मिरवणुकीची तयारी करणारा माणूस अशी गाडी चालवत नाही. आत धड बसता न येणाऱ्या माणसाला बसवून नेणारा चालवतो. मी चालवली आहे, म्हणून मला माहीत आहे.

आणि तुम्ही प्लग ज्यात गुंडाळलेत ती पट्टी. हातातून डायलिसिसची जाड सुई काढली की कापसाची घडी दाबून वर लावतात तीच ती, कागदी, पांढरी. मोहनाच्या हाताला मी तीन वर्षं ती लावली आहे. मी अंधारातही ओळखेन.

मागच्या सीटवर कोण बसतं?

इंदूचा हात कुठला दुखतो आहे?

वसंत

*

निजामपुरा, बडोदे
२७ डिसेंबर २०२४

वसंतराव,

डावा हात. गेल्या गणपतीपासून आठवड्यातून तीन वेळा. दोन्ही किडन्या गेल्या आहेत.

तिने मला शपथ घातली होती. म्हणाली, "मोहनावहिनींच्या वेळी दादा त्या खुर्चीशेजारी बसून बसून अर्धा झाला. आता कुठे माणसात येतोय. त्याला पुन्हा त्या दाराशी नेऊ नका." मृदुला टोरांटोहून रोज फोन करते, तिलाही आईने तंबी दिली की मामाला कळता कामा नये. मी तरी काय करणार होतो?

दवाखाना सुभानपुऱ्याकडे आहे. रिक्षात ती बसू शकत नाही, हाडं खिळखिळी होतात. केयूरची नवी गाडी उंच, तिच्या गुडघ्यांना ती पायरी चढवत नाही. भाड्याच्या गाड्या बुटक्या, आत बसवली की बाहेर ओढून काढावी लागते. आबांच्या गाडीची मागची सीट तेवढी नेमकी तिच्या उंचीला येते. दार रुंद उघडतं, ती टेकते, मी पाय उचलून आत घेतो आणि झालं. म्हणून ही गाडी.

जाताना ठीक असतं. येताना तिच्या अंगात काही उरलेलं नसतं. रक्तदाब उतरलेला, पायात गोळे आलेले. अशा वेळी गाडीने एक हिसका दिला की ती डोळे मिटून घेते. ओरडत नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तुम्ही मिश्रण दाट करायला सांगितलंत, मी केलं. त्या वासाने ती येताना रस्त्यात ओकली. पुढच्या वेळीही ओकली. मी तुम्हाला लिहायला बसलो तर म्हणाली, "वासाचं लिहा, ओकारीचं लिहू नका."

आता सगळं लिहिलं. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटत नाही.

हंबीरराव

*

सातारा
५ जानेवारी २०२५

हंबीरराव,

तुमचं पत्र दोन दिवसांत चारदा वाचलं. मग तुमचा राग आला, मग इंदूचा, मग माझा. मिरवणूक म्हणून मी हसत होतो आणि तिकडे माझ्याच हाताने माझ्या बहिणीच्या नाकात पेट्रोल भरत होतो. खरं कारण लिहिलं असतंत तर मी तो नट वर घ्यायला सांगितला असता. आजारी माणसाच्या गाडीचं ट्यूनिंग वेगळंच असतं. असो, आता भांडायला दोघांच्याही अंगात जोर नाही.

मी फियाट मोहनासाठी अशीच करून घेतली होती. वरचा वेग विसरायचा. वीस-तीसच्या वेगात इंजिनाने ओढलं पाहिजे, आणि त्यासाठी दोन्ही कार्ब्युरेटरनी सारखाच श्वास घेतला पाहिजे. एक जास्त आणि एक कमी हवा ओढतो, तिथेच तुमचं घोडं पेंड खातंय.

स्टेपनीच्या खाली माझी रबरी नळी असेल, हातभर लांबीची. इंजिन चालू ठेवून तिचं एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचं आणि दुसरं कानाला. हवेची सूं ऐकू येते. दोन्हीकडची सूं सारखी होईस्तोवर स्क्रू फिरवायचा. हे काम मी कानाने करायचो. माझे कान गेले. तुमचे शाबूत आहेत, पण तुम्हाला लग्नात सनई कुठली आणि पिपाणी कुठली ते कळलं नव्हतं, तेव्हा तुमच्यावर हे सोपवता येत नाही.

इंदूला सांगा. लहानपणी गल्लीत कुणाची स्कूटर शिरली ते ती आतल्या खोलीतून सांगायची. जिथे जास्त आवाज, तिकडचा हात तिने वर करायचा आणि तुम्ही स्क्रू फिरवायचा.

सूं जुळली की बुडाचे नट पुन्हा वर घ्या. कार्ब्युरेटरच्या आतला पिस्टन बारीक पेचकसाने किंचित उचलून बघा. इंजिन जोरात धावून तसंच धावत राहिलं तर मिश्रण अजून दाट आहे. मरायला लागलं तर पातळ. क्षणभर चढून जागेवर आलं तर हात काढून घ्या. आणि वरच्या टोपीतलं तेल बघा. गेल्या खेपेला तुम्ही इंदूच्या शिलाई मशीनचं तेल घातलं होतंत. तसलं पातळ तेल असेल तर उडी जाणार नाही, इंजिनाचं घाला.

तिला म्हणावं, दादा रागावलेला नाही. दादा घाबरलेला आहे.

वसंत

*

निजामपुरा, बडोदे
१९ जानेवारी २०२५

वसंतराव,

तेल मशीनचंच होतं. बदललं.

उत्तरायण झाल्यावर, तिचा मधला मोकळा दिवस बघून काम काढलं. फाटकाच्या तारेवर अजून तुटके पतंग लटकलेले आहेत. बॉनेट उघडून शेजारी वेताची खुर्ची टाकली आणि तिला शालीसकट आणून बसवली. केयूर आणि त्याची बायको प्राची बघायला आले. नळी कानाला लावलेली इंदिरा बघून केयूर म्हणाला, "काकी, डॉक्टर थई गयां?" ती म्हणाली, "गप्प बस रे, मला ऐकू दे." गेल्या कित्येक महिन्यांत तिने कुणाला गप्प बसवलं नव्हतं.

मी नळी पुढच्या कार्ब्युरेटरला धरायचो, मग मागच्याला. ती डोळे मिटून ऐकायची आणि एक हात वर करायची. मी स्क्रू फिरवला की मान हलवायची, जास्त झालं म्हणून. मला दोन्ही आवाज एकच वाटत होते. तुमचं सनईचं खरं आहे. ती मात्र सांगत होती, "हा कुकरची शिट्टी व्हायच्या आधीसारखा, आणि हा नुसता उसासा." शेवटी दोन्ही हात एकदम वर केले आणि तसेच धरून हसली. डाव्या हातावरची, सुया टोचायची फुगीर शीर उन्हात दिसत होती. रोज तिला सगळे सांगतात, एवढंच पाणी पी, केळं खाऊ नको, हात हलवू नको. त्या दिवशी ती सांगत होती आणि आम्ही ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी येताना वास नव्हता. ती ओकली नाही. जकातनाक्याला तर तिचा डोळा लागला.

पण वसंतराव, पहिल्या गिअरला निघताना एक हिसका अजून बसतो. काल चांगलाच बसला आणि तिचं डोकं काचेला लागलं. काहीतरी राहिलं आहे. आता काय फिरवू ते लिहा. सांगाल ते करीन. दिवसभर तिथल्या बाकावर बसायचं, घरी येऊन तिचं बघायचं आणि मग या गाडीत डोकं घालायचं, मला आता होत नाही. पण सांगाल ते करीन.

हंबीरराव

*

बडोदे
२१ जानेवारी २०२५

दादा,

हे पत्र प्राचीकडून पोस्टात टाकते आहे. अक्षर वाकडं येतं आहे, समजून घे. तुझ्यापासून लपवलं म्हणून माफी मागणार होते, पण तू मला ओळखतोस, तेव्हा ते राहू दे.

हे वाचशील तोवर यांचं पत्र तुला मिळालं असेल. आता काय फिरवू, असं विचारलं असेल. दादा, काही फिरवायला सांगू नकोस. गाडी त्या दिवशीच बरी झाली. दोन्हीकडची सूं मी स्वतः ऐकली आहे, त्यात आता तसूभर फरक नाही.

हिसका यांच्या डाव्या गुडघ्यातून येतो. मी मागे बसते, मला आरशात यांचं तोंड दिसतं. क्लच सोडायच्या आधी हे ओठ आवळतात. मग पाय थरथरतो, क्लच एकदम सुटतो आणि गाडी उडी मारते. जिना उतरताना कठड्याला धरून उतरतात आणि मी बघते आहे असं दिसलं की हात काढून घेतात. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, असं चाललं आहे. बिचारे कार्ब्युरेटर.

त्यांना मी सांगू शकत नाही. माझ्यासाठी हातात काहीतरी आहे, एवढ्यावर ते उभे आहेत. डॉक्टरांपुढे त्यांचं काही चालत नाही, स्क्रूपुढे चालतं. तेही गेलं तर हा माणूस खाली बसेल, आणि त्याला उठवायला मी पुरणार नाही. मला माझ्या दुखण्याचं एवढं वाटत नाही, दादा. यांचं वाटतं.

म्हणून तू असं लिही की कार्ब्युरेटरचा एक भाग झिजला आहे, तो विलायतेहून मागवावा लागेल, तोवर गाडी काढायची नाही. तुझं ते ऐकतील. केयूर म्हणतो, स्टूल ठेवून काकींना माझ्या गाडीत चढवू. बघू कसं जमतं ते. निदान यांच्या पायाला विश्रांती मिळेल.

एवढं खोटं माझ्यासाठी लिही.

तुझी
इंदू

*

सातारा
३० जानेवारी २०२५

हंबीरराव, आणि शेजारी बसून हे ऐकत असलेली इंदू,

इंदूने मला एक खोटं लिहायला सांगितलं होतं. मी लिहिणार नाही. ती रागावेल, रागावू दे. प्रेमापोटी एकदा लपवलं, त्याचं काय झालं ते तिनेच सोसलं आहे.

हंबीरराव, कार्ब्युरेटरमध्ये आता काहीही फिरवायचं नाही. तुम्ही दोघांनी काम चोख केलं आहे, मी केलं असतं तर याहून बरं झालं नसतं. हिसका तुमच्या डाव्या गुडघ्यात आहे. इंदूला तो आरशात दिसतो, पहिल्यापासून दिसतो. तिने तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही खचाल अशी तिला भीती वाटते. तुम्ही थकलात असं मला प्रत्येक पत्रात लिहीत होता आणि मी प्रत्येक पत्रात गाडीचंच उत्तर देत होतो. त्यात चूक माझीही आहे.

थकलेल्या माणसाने थकलो म्हणावं. मोहनाच्या वेळी मी म्हटलं नव्हतं. ती गेल्यावर मी इतका झोपलो की लोकांना वाटलं, मीही गेलो.

तेव्हा असं ठरवलं आहे. येत्या आठवड्यात मी येतो. फियाटवर कापड घातलं, कुंड्या शेजारी दिल्या. निदान उन्हाळा संपेपर्यंत राहीन, जेवायला काय कराल ते तुम्ही ठरवा. मॅग्नेट मी चालवीन. माझे पाय अजून शाबूत आहेत, लायसन्सही आहे. कान गेले हे बडोद्याच्या रहदारीत वरदानच समजा. तुमचा गुडघा मात्र येताना-जाताना त्याच दवाखान्यात दाखवून घ्यायचा, नाहीतरी तिथे बसलेलेच असता.

त्या खोलीच्या दाराशी पुन्हा जायचं नाही, असं मी मोहनाच्या तेराव्याला ठरवलं होतं. इंदूने ते न सांगता ओळखलं. मी आत येऊ शकेन की नाही, मला आत्ता माहीत नाही. नाही जमलं तर बाहेर गाडीत बसेन. पण गाडी दाराशी तयार असेल आणि वास येणार नाही.

तुम्ही मागे बसायचं, इंदूच्या शेजारी. या गाडीत तुम्ही तिला नेहमी आरशात बघितलंत. आता तिचं डोकं काचेवर आपटणार नाही असं धरून बसा, ते काम मला पुढून करता येणार नाही.

फक्त एक करा. मागून कुणी हॉर्न दिला तर मला हाका मारू नका, ऐकू येणार नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवा.

वसंत